तेरा हजार नियतकालिके आणि चार तास

महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि महोदया,



केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडे ठळक छापले होते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून योजना सुरू झाली आणि अंमलबजावणी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’कडे आली. एरवी एकेका लेखासाठी डॉलरमध्ये पैसे मागणारे एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज यांचे अंक आता आपल्या ग्रंथालयाच्या लॉगिनवर उघडतात. ही मोठीच गोष्ट झाली. तिच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडायला हे पत्र नाही.

पत्र आहे ते त्यानंतरच्या एका साध्या प्रश्नाबद्दल. एम. ए.च्या किंवा पदवीच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लेख शोधायचा तो नेमका कुठे, आणि हे त्याला सांगायचे कुणी?

आज काय घडते ते आपल्या प्रत्येक विभागात पाहायला मिळेल. गाईड विषय देतात, ‘दहा-पंधरा रेफरन्स पाहा’ म्हणतात. विद्यार्थी मोबाइल काढतो आणि विषयाचे नाव जसेच्या तसे गूगलमध्ये टाकतो. पहिल्या पानावर दोन बातम्या, एखाद्या संस्थेचा पीडीएफ अहवाल आणि ‘इंटरनॅशनल जर्नल’ असे भारदस्त नाव मिरवणारा तीन पानी लेख. तो लेख उतरवून घेतला जातो, कारण तो सहज उतरतो. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर गेलाच, तर तिथे ई-रिसोर्सेसची भली मोठी यादी असते, बहुतेक ठिकाणी इंग्रजी अकारविल्हे लावलेली. त्या यादीतले कुठले नाव विषयाची सूची आहे, कुठले प्रकाशकाचे आणि कुठले प्रबंधांचे भांडार, हे यादी सांगत नाही. मग विद्यार्थी सर्वांत ओळखीचे नाव दाबतो; ते बहुधा सायन्सडायरेक्ट असते.

इथेच पहिली गफलत होते. सायन्सडायरेक्ट हे एल्सव्हिअर या एका कंपनीचे दुकान आहे, आणि कोणताही दुकानदार शेजारच्या दुकानातला माल दाखवत नाही. स्प्रिंगरलिंक, वायली, सेज यांचेही तेच. नव्या योजनेत सरकारने घेतली आहेत ती मुख्यतः अशी प्रकाशकांची दालने. एखाद्या विषयावर जगात कुणी काय लिहिले हे विचारायचे असेल, तर आधी प्रकाशक न पाहणाऱ्या, विषयवार सूचीकडे जावे लागते. वैद्यकासाठी पबमेड, शिक्षणशास्त्रासाठी एरिक, मानसशास्त्रासाठी सायकइन्फो, अर्थशास्त्रासाठी इकॉनलिट. लेखाचा पत्ता तिथे मिळाला, की मग पूर्ण मजकुरासाठी प्रकाशकाच्या दालनात. हा क्रम उलटा झाला की विद्यार्थ्याला वाटते, आपल्या विषयावर चारच लेख आहेत.

हे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून एक विषय जवळून पाहू. समजा, बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर प्रकल्प करते आहे. विषय तिच्या गावातला, घरोघरी ‘पिशवी काढली’ म्हणून बोलला जाणारा. २०१९ मध्ये तो देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली, आणि बीडमध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. प्रश्न दिसायला एक आहे. ग्रंथालयाच्या भाषेत मात्र ते किमान तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची घरे वेगळी आहेत.

पहिला प्रश्न वैद्यकाचा. तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढले तर पुढे शरीराचे काय होते, शस्त्रक्रियेची गरज कशावरून ठरते, भारतात तिचे प्रमाण किती. यासाठी पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून जगाला फुकट आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिची खरी ताकद ‘मेश’ या विषयमथळ्यांमध्ये आहे. लेखकाने शीर्षकात कोणताही शब्द वापरलेला असो, मेडलाइनमध्ये, म्हणजे पबमेडच्या गाभ्यातल्या संग्रहात, सूचीबद्ध झालेल्या लेखाला ठरावीक मथळे जोडलेले असतात. आपल्या विद्यार्थिनीने ‘हिस्टेरेक्टॉमी’ हा मथळा आणि ‘इंडिया’ हा मथळा एकत्र मागितला, की भारतावरचे लेख एका ओळीत उभे राहतात. मग डाव्या बाजूला ‘फ्री फुल टेक्स्ट’वर खूण करायची, जे उरतात ते एक पैसा न देता वाचता येतात. एखादा कामाचा लेख सापडला की त्याच्या नोंदीखाली ‘सिमिलर आर्टिकल्स’ आणि ‘साइटेड बाय’ पाहायचे. पहिल्यातून तत्सम लेख मिळतात, दुसऱ्यातून त्या लेखाच्या नंतर काय लिहिले गेले ते कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गर्भाशय काढल्याबद्दलचे प्रश्न पहिल्यांदा विचारले गेले. त्या आकडेवारीवर बेतलेले लेख याच वाटेने हाती लागतात. सर्वेक्षण करणारी संस्था तर मुंबईत, देवनारलाच आहे.

पण पबमेडला ‘कोयता’ ठाऊक नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, आणि या सगळ्यामुळे दर महिन्याची पाळी हीच अडचण वाटू लागणे, हा दुसरा प्रश्न. तो श्रमाचा आणि स्थलांतराचा आहे. त्यासाठी जेस्टोर, कारण मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथे आहेत. तिथे ‘शुगरकेन’, ‘मायग्रेशन’, ‘लेबर’ असे शब्द दिले की यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा १९७८ मधला, बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांवरचा लेख पुढे येतो. खानदेशातून तिकडे तोडणीला जाणाऱ्या मजुरांचे हाल त्यात आहेत. २०१९ च्या बातम्यांनी धक्का बसलेल्या वाचकाला त्या लेखाने दुसरा धक्का बसेल. उचल, मुकादम आणि कारखान्याचे हात झटकणे हे सगळे चार दशकांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. पबमेडमध्ये आयुष्यभर शोधूनही हा लेख सापडणार नाही, कारण तो तिथला नव्हेच.

तिसरा प्रश्न कायद्याचा. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दलच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. तो ना पबमेडमध्ये मिळेल ना जेस्टोरमध्ये. त्यासाठी न्यायनिर्णयांचे संग्रह आहेत. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र पैसे घेतात, इंडियन कानून फुकट आहे.

तीन ठिकाणे, तीन पद्धतीचे शब्द. विद्यार्थिनी हुशार असूनही हे तिला आपसूक सुचणार नाही. ते दाखवावे लागते, आणि दाखवायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

‘मग गूगल स्कॉलर कशाला आहे?’ असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. खरगपूर आयआयटीत शिकलेल्या अनुराग आचार्य यांनी सहकाऱ्यासह उभे केलेले हे साधन २००४ पासून सर्वांना खुले आहे आणि त्याने गरीब संस्थांतल्या संशोधकांवर केलेले उपकार नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या लेखाचे नाव ठाऊक असेल, त्याची फुकट प्रत हवी असेल, किंवा त्याचा संदर्भ पुढे कुणी दिला हे पाहायचे असेल, तर त्याच्यासारखे सोयीचे काही नाही. अडचण दुसरीकडे आहे. आपण नेमकी कोणती नियतकालिके धुंडाळतो याची यादी गूगल स्कॉलर प्रसिद्ध करत नाही. ज्याचा संदर्भ अधिक जणांनी दिला तो लेख साधारणपणे वर येतो, त्यामुळे जुने आणि बडे लेख आधी दिसतात. आणि चांगल्या नियतकालिकाशेजारी पैसे घेऊन काहीही छापणारेही तिथे मांडीला मांडी लावून बसलेले असते. अनुभवी संशोधकाला दोघांतला फरक दिसतो. एकविसाव्या वर्षी तो दिसावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

या दुसऱ्या जातीच्या नियतकालिकांचा त्रास महाराष्ट्राला नवा नाही आणि त्यावरचे महत्त्वाचे कामही इथेच झाले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी पाहिली. निकषांवर उतरली ती फक्त ११२. पत्ता, संपादक, संकेतस्थळ यांची मूलभूत माहितीसुद्धा अनेकांकडे नव्हती किंवा खोटी होती. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर करून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे आता ती आपल्यावर आहे. यादीकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय संपली.

त्यात आता चॅटजीपीटीची भर पडली आहे. अडचण अशी की ते जे संदर्भ सुचवते त्यांत लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्याजोगे आणि लेख मात्र अस्तित्वातच नसलेला, असे घडते. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने असेच काल्पनिक खटले न्यायालयात दाखल केले. जून २०२३ मध्ये ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात त्याला, त्याच्या सहकाऱ्याला आणि त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे प्रकल्पाच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची कोण उघडून पाहतो? संदर्भ खरा आहे का हे तपासायला शीर्षक योग्य सूचीत टाकून पाहणे पुरते. पण योग्य सूची कोणती, हे आधी माहीत हवे.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना सांगताना हातचे राखून सांगू नये: सगळ्या सूच्यांना देश असतो. एरिक ही अमेरिकेच्या शिक्षण विभागाची. १९६० च्या दशकापासून चालत आलेली, फुकट आणि उत्तम बांधलेली. पण जिल्हा परिषद शाळेतल्या बहुवर्ग अध्यापनावर बी.एड.चा विद्यार्थी तिथे शोधू लागला, की त्याच्यापुढे प्रामुख्याने अमेरिकी वर्गखोल्या येतात. सिद्धांतासाठी त्या उपयोगी, नंदुरबारसाठी नाहीत. जेस्टोरमध्ये बऱ्याच नियतकालिकांचे शेवटचे तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात. तिथे गेल्या वर्षीचे काही सापडले नाही म्हणजे लिहिलेच गेले नाही असे नव्हे. गडचिरोलीच्या वैदूंकडच्या वनस्पतींवर काम करणाऱ्याने आधी राष्ट्रीय विज्ञान संचार आणि धोरण संशोधन संस्थेच्या ‘नोपर’ भांडारात जावे. ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’ तिथे पूर्ण मजकुरासह मोफत आहे. आणि भारतीय विषय कोणताही असो, शोधगंगा या प्रबंधांच्या भांडारातला एखादा प्रबंध उघडून त्याची संदर्भसूची वाचावी. प्रबंध सुमार असला तरी सूची कामाची निघू शकते.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी हे सगळे आणखी निकडीचे आहे. नव्या योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरता आहे. बाकीच्यांना पबमेड, एरिक, नोपर, शोधगंगा, मुक्त नियतकालिकांची ‘डोआज’ ही निर्देशिका आणि जेस्टोरचे वैयक्तिक मोफत खाते यांवर निभावून न्यावे लागते. शहाणपणाने वापरले तर त्यावर पदव्युत्तर प्रकल्प व्यवस्थित होतो. न वापरता आले तर १३,००० नियतकालिकांचे लॉगिन असूनही होत नाही.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे वळू. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. त्यात डेटाबेससाठी चार तास आहेत. भर वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस यांच्यावर, आणि लगेच पुढचे तीन तास इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स वगैरे मोजमापांना. आपल्या प्राध्यापक मंडळींच्या तोंडीही ‘स्कोपस’ हा शब्द येतो तो पेपर कुठे छापायचा या संदर्भात; तिथे वाचायला काय मिळते हा विषय चहाच्या टेबलावर निघत नाही. हे झाले पीएच.डी.चे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्याला बारा श्रेयांकांचा प्रकल्प आहे. त्या प्रकल्पासाठी लेख शोधायचे कसे, याला मात्र बहुतेक अभ्यास मंडळांनी ‘संशोधन पद्धती’च्या पेपरात ‘साहित्याचा आढावा’ या एका ओळीपलीकडे जागा दिलेली नाही. ती ओळ शिकवताना आढाव्याची व्याख्या, महत्त्व आणि प्रकार लिहून दिले जातात. संगणक उघडला जात नाही.

म्हणून मागण्या लहान आहेत. प्रकल्पाचा विषय नोंदवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे किमान चार तास ग्रंथालयात, संगणकासमोर, ग्रंथपालाच्या हाताखाली व्हावेत, आणि ते श्रेयांकात धरले जावेत. चार हा आकडा आयोगाचाच आहे. फक्त तो पीएच.डी.च्या अलीकडे आणायचा. हे तास विषयवार असावेत. रसायनशास्त्राच्या आणि इतिहासाच्या मुलांना एकाच सभागृहात बसवून प्रकाशकाच्या प्रतिनिधीकडून स्लाइड दाखवून घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. प्रतिनिधी आपलेच दालन दाखवणार, त्यात त्याची चूक नाही.

दुसरे, प्रकल्पाला एक पानाची शोधनोंद जोडणे सक्तीचे करावे: कोणत्या सूचीत, कोणत्या तारखेला, कोणते शब्द देऊन शोधले, किती लेख आले, त्यातले किती ठेवले आणि उरलेले का सोडले. वैद्यकात पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्यांना ‘प्रिस्मा’च्या नियमांनुसार हे करावेच लागते, त्यामुळे नमुना तयारच आहे. या पानाने दोन गोष्टी होतील. परीक्षकाला संदर्भसूची खरी आहे का हे पाच मिनिटांत कळेल, आणि गाईडलाही स्वतः एकदा पबमेड किंवा जेस्टोर उघडून पाहावे लागेल. दुसरा फायदा जास्त मोठा ठरण्याची शक्यता आहे.

यासाठी ग्रंथपाल हवेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटले, पाट्या बदलल्या. पण कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे आणि कारभार ग्रंथालय परिचर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या अतिरिक्त कार्यभारावर चालतो. जिथे ग्रंथपाल आहेत, तिथे त्यांचा वेळ नॅकच्या फायलींत जातो. ज्या माणसाने सूची, वर्गीकरण आणि विषयमथळे हेच शिक्षण घेतले, त्याला अभ्यासक्रमात शिकवण्याचा एक तास नाही, हे विचित्र आहे.

शेवटची मागणी या सगळ्या डेटाबेसांच्या बाहेर राहिलेल्या मराठीबद्दल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाचे ‘परामर्श’. आपल्या विद्यार्थ्यांच्या विषयांवरचे कितीतरी लेखन यांत आहे, आणि स्कोपस किंवा जेस्टोर शोधणाऱ्याला त्याचा मागमूस लागत नाही. कधीकाळी आपल्याकडे हे काम झाले होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये काढली, आणि पुढे त्यांच्यासह दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्या हातून नियतकालिकांचीही सूची झाली. कार्डे, शाई आणि चिकाटी एवढ्यावर. त्यानंतरच्या काळातल्या मराठी लेखांना विषयमथळे देणारी, कुणालाही घरून शोधता येईल अशी एकच सूची आज नाही. ग्रंथालयशास्त्राचे विभाग आपल्याकडे आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्प हवेच असतात. एकेका विद्यार्थ्याने एकेका नियतकालिकाची पाच-पाच वर्षे वाटून घेतली, आणि विद्यापीठांनी मथळ्यांची समान यादी ठरवून दिली, तर ही सूची नव्या अनुदानाशिवाय सुरू होऊ शकते.

बीडच्या त्या विद्यार्थिनीला आज ऊसतोडीवरचा मराठी लेख हवा असेल, तर कुणीतरी जुन्या अंकांचे बाड उघडून देणारा भेटावा लागतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची पहिली तीन वर्षे २०२७ अखेर संपतात आणि तेव्हा वापराचा हिशेब मागितला जाणारच. त्याआधीच्या विद्या परिषदेच्या एखाद्या बैठकीत शोधनोंदीचा आणि चार तासांचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर यावा, आणि तो मांडायला ज्ञानस्रोत केंद्राच्या संचालकांना बोलवावे, ही विनंती.

कळावे.